सीटी किती आली?

एप्रिल २०२१. नाशिकमधल्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीशी सिन्नरहून आलेला एक मुलगा कोरोनाचा रिपोर्ट हातात धरून रडवेला उभा होता. वडिलांची सीटी अठरा. त्याने ती पंचवीसपैकी धरली होती! पंचवीसपैकी असतो तो फुफ्फुसांच्या एचआरसीटीचा स्कोअर, आणि तो वाढला की काळजी. स्वॅबच्या रिपोर्टवरच्या सीटीची चाल उलटी: आकडा लहान, तर विषाणू जास्त. त्या दिवसांत या नामसाम्याने किती घरांची झोप उडाली असेल!

वर्षभरापूर्वी इथले स्वॅब तपासायला पुण्याला जायचे. आता काचेआड पीपीई घातलेली तंत्रज्ञ मुलगी गुलाबी द्रावणाच्या नळ्या ओळीने लावत होती. विषाणू फोडून त्याचा आरएनए वेगळा काढायचा, त्याचा डीएनए करायचा आणि यंत्रात तापवत-थंडावत राहायचं. प्रत्येक फेरीत तो साधारण दुप्पट होतो. कितव्या फेरीला त्याबरोबर वाढणारी चमक ठरलेली रेषा ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी. वीस आणि तीस यांत फरक दहाचा दिसतो, पण विषाणूच्या प्रमाणात तो हजारपटीच्या आसपास असतो.

मग यावरून आजार किती वाढेल, हे कळायला नको का? मलाही तसंच वाटलं होतं. त्या तंत्रज्ञ मुलीने नकारार्थी मान हलवली. काडी नाकात नीट फिरली नाही, नमुना उशिरा पोचला, किट बदललं, तरी आकडा सरकतो. त्याहून मोठी अडचण दिवसांची. नाकातला विषाणू लक्षणांच्या सुरुवातीला सर्वाधिक असतो. दम लागतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात, शरीराचाच दाह भडकल्यावर. तोवर सीटी ‘चांगली’ झालेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही (आयसीएमआर) केवळ सीटीवरून तीव्रता ठरवू नका, असंच सांगितलं होतं.

रक्ताची गोष्ट वेगळी. बोस्टनच्या संशोधकांना २०२० मध्ये दिसलं, की रक्तद्रवात विषाणूचा आरएनए जास्त सापडणाऱ्यांचा आजार अधिक गंभीर होता. मला ही वाट खरी मोलाची वाटते, कारण विषाणू नाकाघशापलीकडे पोचल्याची ती खूण आहे. पण खिडकीवर मिळत होता तो नाकातल्या काडीचा आकडा.

मी त्या मुलाला विचारलं, ‘वडिलांचा ऑक्सिजन किती आहे?’

‘तो नाही मोजला,’ तो म्हणाला.