तुळजापूरपर्यंत चालतोय, मग तोरण्यापर्यंत पळता येईल का?

धाराशिवहून बोलतोय. मागच्या भागात सहज म्हणून गेलो की यंदा पहिली ट्रेल अल्ट्रा करायचा विचार आहे, तेव्हापासून मेसेज थांबेनात. निम्मे विचारतात, हे असतं तरी काय? बाकीचे विचारतात, डोकं ठिकाणावर आहे ना? आज दोघांनाही उत्तर देतो. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग, माझ्या बोलण्यातला पसारा जरा आवरून.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. त्याच्या पुढचं काहीही म्हणजे अल्ट्रा. आणि ट्रेल म्हणजे डांबर सोडून पायवाट, दगडधोंडे, घसारा, चढ-उतार. आपल्याकडचं ओळखीचं नाव म्हणजे एसआरटी अल्ट्रा. सिंहगड, राजगड, तोरणा असे तीन किल्ले जोडणारी, पुण्याजवळची. 11, 25, 53 आणि 100 किलोमीटर असे पर्याय असतात. माझा डोळा 53 वर आहे.

आता खरं सांगू का, आपल्या भागातल्या माणसाला नुसत्या अंतराची भीती घालण्यात अर्थ नाही. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला किती माणसं चालत येतात ते तुम्ही बघितलंय. 45 किलोमीटर. साठीच्या मावश्या, कडेवर लेकरं, पायात साध्या चपला. गेल्या कोजागिरीला मीही चाललो, थांबत-खात साडेदहा तासांत पोचलो. तिथंच डोक्यात किडा शिरला: अजून आठ किलोमीटर म्हणजे 53 की!

पण हे गणित चुकीच्या पट्टीनं मोजलेलं आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला होता, तो आजही कामाला येतो. डोंगरात चालताना दर 5 किलोमीटरला एक तास धरा, आणि दर 600 मीटर चढाईला वरून एक तास. 53 किलोमीटरचे झाले साडेदहा तासांच्या वर. उदाहरणादाखल एकूण चढाई 2000 मीटर धरली तर अजून तीन तास वीस मिनिटं. म्हणजे चौदा तास! आणि शर्यतीत कट-ऑफ असतो: ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोचला नाहीत तर तिथंच थांबवतात. म्हणून कुठलाही फॉर्म भरायच्या आधी किलोमीटरचा आकडा सोडा, एकूण चढाई आणि कट-ऑफ बघा. पळणं लागतं ते या दोन्हींतला फरक भरून काढायला. चढावर बहुतेक सगळे चालतातच, त्यात लाज नाही.

उताराचं मात्र कुणी सांगत नाही. चढ दम काढतो, उतार मांड्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यामुळं त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी संडासात बसतानासुद्धा देव आठवतो. यावर औषध एकच, उतरायचा सराव. मी हातलाईच्या डोंगरावर चढ-उतार करतोय. सपाट रस्त्यावर कितीही पळा, हे मिळत नाही.

येडशीचं रामलिंगही झकास आहे, बालाघाटाचा चढ, झाडी, पावसाळ्यात तर विचारू नका. पण ते अभयारण्य आहे. डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरहून, म्हणजे पार यवतमाळ जिल्ह्यातून, एक वाघ तिथं येऊन पोचला होता, ते आठवतंय ना? चार-पाचशे किलोमीटर, ना नोंदणी, ना मेडल. आपल्या जिल्ह्यात आलेला खरा ट्रेल रनर तोच. गंमत बाजूला ठेवा, पण तिथं पहाटे एकट्यानं पळायला जाऊ नका, आणि वनविभागाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

खाण्याचं थोडक्यात. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. चिक्की, खजूर, राजगिरा लाडू चालतात. महागड्या जेलशिवायही भागतं, फक्त सरावात खाऊन पोटाला सवय लावा. पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी लिटरवर लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि पळताना पेनकिलर नको. आपल्याकडं लोक शेंगदाण्यासारख्या गोळ्या खातात. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर घाव घालतात.

आता जे सांगतोय त्यावर माझा निर्णय खरा अडला होता. 22 मे 2021, चीनचा गान्सू प्रांत, 100 किलोमीटरची डोंगरातली शर्यत. दुपारी हवामान पालटलं, गार वारा, पाऊस, गारा. बरेच जण हाफ पँट आणि टी-शर्टवर. वारा अडवणारं जाकीट बंधनकारक सामानात नव्हतं. 21 धावपटू गारठून गेले, त्यात लिआंग जिंग हा त्यांचा नावाजलेला अल्ट्रा रनरही होता. एका मेंढपाळानं सहा जणांना गुहेत नेऊन वाचवलं. सह्याद्रीत तशी थंडी नाही, कबूल. पण उन्हाचा तडाखा आहे, चुकलेली वाट आहे, अंधारात निसटलेला पाय आहे. म्हणून जाकीट, शिट्टी, हेडलॅम्प आणि चार्ज केलेला फोन आयोजकांनी मागितला नाही तरी माझ्या पाठीवर असणार.

घरची बाजू वेगळी. वडिलांची अँजिओप्लास्टी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाली, त्यामुळं आईचं एकच पालुपद: “देवीला चालत गेलास, बरं झालं. आता डोंगरात कशाला पळायलास?” तिचं चूक नाही. मी हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलो, इको आणि स्ट्रेस टेस्ट झाली, त्यांनी हरकत घेतली नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबायचं, हे मात्र दोनदा बजावलं. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर ही तपासणी बूट घ्यायच्या आधी करा.

मग मी स्वतःला एक परीक्षा लावली. हातलाईवर सलग सहा तास चढ-उतार, पाठीवर सगळं सामान, खाणं तेच जे शर्यतीत खाणार. सहाव्या तासालाही बोलता येईल इतका दम शिल्लक पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी जिना धरून का होईना उतरता आला पाहिजे. जमलं तर 53, नाहीतर यंदा 25. मागच्या रविवारी जमलं. सहाव्या तासाला मित्राशी साखर कारखान्याच्या बिलावर भांडत होतो, म्हणजे दम होता असं धरू.

फॉर्म 53 चा भरतोय. आईची अट एकच: प्रत्येक टप्प्यावर, जिथं रेंज असेल तिथं, फोन. आणि कुठं थांबावंसं वाटलं तर “तिथंच बस, मी भावाला गाडी घेऊन पाठवते.” धाराशिवहून वेल्ह्याला गाडी यायला किती तास लागतील ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.