शेवटचे तीस सेकंद

माझ्या कपाटात जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्याखाली तीन चिठोऱ्या जपून ठेवल्या आहेत. तिन्हींवर बारा-बारा रकाने आखलेले आहेत, प्रत्येक रकान्यात 10 आणि 9 हे दोनच आकडे आणि तळाला बेरीज. लढत एकच. ती पाहणारा माणूसही एकच. बेरजा मात्र तीन निरनिराळ्या. उभं आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेलेल्या माणसाला ही गोष्ट किती टोचत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

लढत होती मार्विन हॅगलर आणि शुगर रे लिओनार्ड यांची. 6 एप्रिल 1987, लास व्हेगासमधला सीझर्स पॅलेस. मी ती पाहिली पुढच्या वर्षी, विलेपार्ल्याला, भाड्याच्या व्हीसीआरवर. बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मेव्हण्याने अमेरिकेहून कॅसेट पाठवली होती. तिथली कॅसेट आपल्याकडच्या यंत्रावर चालत नसे, म्हणून ती कुठून तरी बदलून आणली होती. त्या खटपटीत तिचा रंग उडाला आणि दोन्ही योद्धे हिरवट दिसू लागले. खोलीत आम्ही सात जण होतो. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, तरी भांडण व्हायचं ते झालंच.

हॅगलर म्हणजे कष्टकरी. जन्म नेवार्कचा, तिथल्या 1967 च्या दंगलीनंतर आई मुलांना घेऊन ब्रॉक्टनला आली. पेट्रोनेली बंधूंच्या बांधकामावर राबायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच तालमीत गुद्दे शिकायचे. गुळगुळीत डोकं, डावखुरा पवित्रा. सरावासाठी तो भर हिवाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन नावाच्या ओस पडलेल्या किनाऱ्यावर जाऊन राहायचा आणि त्या जागेला तुरुंग म्हणायचा. मिडलवेटच्या जगज्जेतेपदापर्यंत पोचायला त्याला सात वर्षं लागली. 1980 साली लंडनला अ‍ॅलन मिंटरला तीन फेऱ्यांत हरवून ते मिळालं, तर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. पट्टा कमरेला बांधायच्या आत त्याला रिंगणाबाहेर काढावं लागलं.

लिओनार्ड नेमका उलट. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, देखणा चेहरा, लहान मुलाला घेऊन शीतपेयाच्या जाहिरातीत झळकलेला, बोलायला गोड. पण त्याला नुसता शोभेचा म्हणणं अन्यायाचं होईल. 1981 मध्ये टॉमी हर्न्सविरुद्ध तिन्ही पंचांच्या कागदांवर तो मागे होता, एक डोळा जवळजवळ मिटला होता, आणि तशा अवस्थेत त्याने चौदाव्या फेरीत सामना संपवला. पुढे डोळ्यातला पडदा सुटला, शस्त्रक्रिया झाली, निवृत्ती झाली. पाच वर्षांत तो एकच लढत खेळला होता आणि तीत एका साध्या प्रतिस्पर्ध्याने त्याला खाली पाडलं होतं. हॅगलर 1976 पासून हरलेला नव्हता. म्हणजे कागदावर हा सामना व्हायलाच नको होता.

तो झाला आणि माझ्या मते अर्धा करारातच झाला. लिओनार्डने तीन अटी घातल्या. पंधराऐवजी बारा फेऱ्या, पळायला ऐसपैस असं वीस फुटी रिंगण आणि दहा औंसांचे जाड हातमोजे. हॅगलरच्या बाजूने त्या मान्य केल्या आणि बदल्यात मानधनाचा मोठा वाटा घेतला. त्याला 1 कोटी 20 लाख डॉलर, लिओनार्डला 1 कोटी 10 लाख. कर्जप्रकरणातसुद्धा असंच होतं. व्याजाच्या दरावर घासाघीस करणारा बारीक अक्षरातल्या शर्तींवर डोळे मिटून सही करतो.

आता गुणांचा हिशोब. प्रत्येक फेरी स्वतंत्र धरायची. जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. कोणी खाली पडला तर साधारणपणे त्याला 8. बरोबरीचे 10-10 देता येतात, पण पंच सहसा देत नाहीत. पाहायचं काय, तर स्वच्छ आणि जोरकस ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरचा ताबा आणि बचाव. वाचायला सोपं आहे. पण तीन मिनिटांत एकाने वीस हलके ठोसे मारले आणि दुसऱ्याने सहा जड, तर फेरी कुणाची? जो सतत पुढे चाल करतो तो आक्रमक, की जो त्याला हवा तिथे नेतो तो ताबा ठेवणारा? शिवाय फेरी तसूभराने जिंका नाहीतर सपाटून, पारड्यात एकच गुण. दमडीची आणि रुपयाची नोंद एकाच आकड्याने करण्यासारखं हे आहे.

लिओनार्डने हे नेमकं ओळखलं होतं. फेरी संपायला तीस सेकंद उरले की त्याच्या कोपऱ्यातून हाक यायची आणि इतका वेळ पळणारा, मिठी मारून दम खाणारा हा गडी फटाक्यांची माळ लावावी तसे ठोसे उडवायचा. त्यातले कित्येक हॅगलरच्या हातांवर नाहीतर हवेत जायचे. पण प्रेक्षक उसळायचे, घंटा वाजायची आणि पंचाची पेन्सिल कागदावर टेकायची ती त्याच क्षणी.

हॅगलरची चूक त्याहून जुनी. डावखुरा असून पहिल्या फेऱ्या तो उजव्या पवित्र्याने खेळला. का, ते तोच जाणे. पहिल्या दोन फेऱ्या तिन्ही पंचांनी लिओनार्डला दिल्या. पाचवीत हॅगलरने अपरकटने त्याचे गुडघे वाकवले, नववीत कोपऱ्यात कोंडून झोडपलं. पण त्या कोपऱ्यातूनही लिओनार्ड असा काही गुद्दे मारत सुटला की फेरी कुणाची हे सांगता येईना. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघेही जिंकल्यासारखे नाचले.

एका पंचाने 115-113 हॅगलरला दिले, दुसऱ्याने 115-113 लिओनार्डला. तिसरे मेक्सिकोचे जोजो गेरा, त्यांनी 118-110 लिओनार्डला, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या! या आकड्यावर अजूनही लोक चिडतात. गंमत अशी की या जागी आधी हॅरी गिब्ज हे ब्रिटिश पंच ठरले होते. हॅगलरच्याच माणसांनी हरकत घेऊन त्यांना बदलून घेतलं. गिब्जनी लढत घरी टीव्हीवर पाहिली आणि हॅगलरला विजयी ठरवलं.

तरी माझ्या मते गेरा यांच्यावर राग काढणं व्यर्थ आहे. त्यांनी सात फेऱ्या दिल्या असत्या तरी मत लिओनार्डलाच गेलं असतं. प्रश्न मधल्या कागदाचा आहे. सात फेऱ्या विरुद्ध पाच. त्यातली एकच फेरी फिरली असती तर 114-114. म्हणजे एक मत याला, एक त्याला, एक बरोबरी. लढत अनिर्णित, आणि अनिर्णित लढतीत पट्टा जगज्जेत्याकडेच राहतो. 1979 साली हॅगलर पहिल्यांदा जगज्जेतेपदासाठी व्हिटो अँटुओफर्मोशी लढला तेव्हा नेमका हाच निकाल लागला होता. एक मत याला, एक त्याला, एक बरोबरी. पट्टा अँटुओफर्मोकडे राहिला. ज्या नियमाने तेव्हा त्याला उपाशी ठेवलं तोच 1987 मध्ये त्याला तारता, एका फेरीने.

त्या रात्री पार्ल्याच्या खोलीत आमच्या शाखेतला शिपाईही होता. करवीर तालुक्यातला, एके काळी तालमीत घाम गाळलेला गडी. आमचं भांडण त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, पाठ कुणाची लागली?"

"कुणाचीच नाही."

"मग निकाल कसला लावताय?"

शाहू महाराजांच्या खासबागेत निकाली कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाचा हा प्रश्न. चितपट म्हणजे चितपट, नाहीतर बरोबरीत सोडवा. आम्ही हसलो. माझ्या पहिल्या चिठोरीवर 115-113 हॅगलर असं आहे.

दुसरी चिठोरी 1996 ची. त्या वर्षी बँकेच्या बढतीच्या मुलाखतींना मला तिसरा सदस्य म्हणून बसवलं. जागा एक आणि शेवटी उमेदवार उरले दोन. एकाने शाखा-शाखांमधल्या वर्षानुवर्षं न जुळलेल्या नोंदी एकहाती जुळवल्या होत्या. उत्तरं देताना टेबलाकडे पाहायचा, आणि विचारलं तेवढंच बोलायचा. दुसरा हुशार, तरतरीत. प्रत्येक उत्तर संपताना एखादं वाक्य असं टाकायचा की आम्ही तिघेही मान डोलवायचो. बाकीच्या दोघांचं एक-एक मत पडलं. मी दुसऱ्याला दोन गुण जास्त दिले.

त्या रात्री मी ती कॅसेट पुन्हा मागवली. बायकोला वाटलं, मुलाखती घेऊन थकलेत, करमणूक हवी असेल. बेरीज आली 115-113 लिओनार्ड. आज वाटतं, त्या रात्री मी लढतीला गुण देत नव्हतो, स्वतःच्या सहीवर शिक्का मारत होतो.

यात खलनायक कोणी नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्याला जागा मिळाली त्याने चोख काम केलं. दुसरा काही दिवसांनी लिफ्टपाशी भेटला. म्हणाला, "साहेब, मला किती कमी पडले?" गुण गोपनीय असतात, असं मी उत्तर दिलं. "बरोबर आहे," म्हणाला आणि जिना चढून गेला. 2001 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो कोकणात गावी गेला.

पंचांची पद्धत सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम फेरीत यजमान देशाच्या खेळाडूला धुऊन काढलं आणि पंचांनी 3-2 ने यजमानाला जिंकवलं. त्या गवगव्यानंतर हौशी मुष्टियुद्धात संगणक आला. पाच पंचांपैकी तिघांनी साधारण एका सेकंदात बटण दाबलं तर गुण. मग ठोसे मारण्यापेक्षा बटणात नोंदले जाणारे ठोसे मारण्याची कला आली. 2013 पासून पुन्हा दहा-नऊ. 29 जुलै 2021 ला टोकियोत आपल्या मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्या 3-2 अशा जिंकल्या आणि ती सामना हरली. कारण पहिली फेरी 1-4 अशी गेली होती आणि बेरीज फेऱ्यांची नव्हे, प्रत्येक पंचाच्या स्वतंत्र कागदाची होते. मी हिशोब मांडून पाहिला. पंधरा नोंदींपैकी तिच्या सात, कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाच्या आठ. आकडेमोडीत चूक सापडत नाही. आपण जिंकलो असं समजूनच ती रिंगणातून उतरली होती.

हॅगलर पुन्हा लढला नाही. लिओनार्डने दुसऱ्या लढतीला होकार देईपर्यंत तो इटलीत जाऊन राहिला होता, तिथे सिनेमात कामं करत होता. लिओनार्ड मात्र लढत राहिला. 1989 मध्ये हर्न्सशी त्याची दुसरी लढत बरोबरीत सोडवली गेली. त्या रात्री खरा हर्न्स जिंकला होता, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केलं. हॅगलरबद्दल तसं तो कधी म्हणाला नाही आणि म्हणावं असंही मला वाटत नाही.

13 मार्च 2021 ला हॅगलर गेला, वय 66. टाळेबंदीची ये-जा चालूच होती. मी नातवाला सांगून युट्यूबवर लढत लावून घेतली, आवाज पूर्ण बंद करून. प्रेक्षकांची आरोळी नाही, समालोचन नाही. शेवटच्या तीस सेकंदांतले ठोसे आवाजाशिवाय फारच हलके दिसले. आणि हॅगलरचे कितीतरी ठोसे हवेत गेलेलेही तेव्हाच दिसले. बेरीज आली 114-114.

बायको चहा घेऊन आली. चिठोरी पाहून म्हणाली, "कोकणातल्यांना फोन केलात का कधी?" तिला तो लिफ्टपाशी झालेला प्रश्न मी कधी सांगितला होता, मला आठवत नाही. नंबर माझ्याकडे आहे. तिसऱ्या चिठोरीवरची दहावी फेरी मी पेन्सिलीने भरली आहे, ती अजून तशीच आहे.