चौथ्या बाणाला संपणारी लढाई

ऑगर हा नऊ-दहा फुटी, डोक्याने मंद आणि हाताने जड असा राक्षस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ सालच्या नियमांत त्याला ५९ हिट पॉइंट दिले आहेत आणि चिलखताचा आकडा ११. पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांसमोर असे तीन ऑगर उभे केले, तर तासभर तरी टेबल गाजावं. विचुंब्यातल्या एका फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी यातला पहिला ऑगर गदा उचलण्याआधीच मेला. दुसरा दुसऱ्या फेरीत पडला, तिसरा पळाला.

“झालं?” चोराचं पात्र चालवणाऱ्या मुलीने विचारलं. त्या फेरीतला तिचा टर्न अजून यायचा होता. तिने फासे परत डबीत टाकले आणि चिवड्याची वाटी पुढे ओढली.

विचुंबे नवीन पनवेलच्या पूर्वेला, सिडकोच्या नैना क्षेत्रातलं गाव. जुनी कौलारू घरं आणि नव्या सोसायट्या इथे एकमेकांना खेटून आहेत. बेलापूरला किंवा त्याहून पुढे नोकरीला जाणाऱ्या घरांत रविवार हा एकच मोकळा दिवस, त्यामुळे चार-पाच तास एका जागी बसून खेळायच्या खेळाला इथे खरी किंमत मोजावी लागते. या टेबलाची डंजन मास्टर, म्हणजे डीएम, गणित शिकवणारी एक शिक्षिका आहे. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. गोष्ट ती सांगते, राक्षस ती चालवते आणि नियमाचा वाद झाला तर निकालही तीच देते. बाकीचे चौघे प्रत्येकी एक पात्र घेऊन बसतात: फायटर, बार्ड, क्लेरिक आणि चोर.

अडचण फायटर आणि बार्ड यांच्या जोडीची होती.

फायटरवाल्या मुलाने एका हातात मावणारा छोटा क्रॉसबो घेतला होता आणि त्यासोबत दोन खास कौशल्यं. ‘क्रॉसबो एक्सपर्ट’मुळे एका टर्नमध्ये दोनाऐवजी तीन बाण सुटतात. ‘शार्पशूटर’मुळे नेमबाजीतून ५ वजा करायचे आणि बाण लागलाच तर इजेत १० मिळवायचे. एका बाणाची सरासरी इजा साडेसहावरून साडेसोळावर जाते. वजा ५ हा या सौद्यातला धोका. नेम +८ वरून +३ वर येतो. ऑगरच्या ११ ला गाठायला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे ६५ टक्के शक्यता. इथे बार्ड मदतीला येतो. त्याचा ‘फेअरी फायर’ हा मंत्र बसला की ऑगरच्या अंगाभोवती प्रकाश पेटतो आणि त्याच्यावर हल्ला करणाऱ्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. ६५ चे सुमारे ८८ टक्के होतात. त्यात फायटरने ‘ॲक्शन सर्ज’ वापरला की त्या टर्नला तीनऐवजी पाच बाण. पाच बाणांची सरासरी इजा निघते ७२ आणि ऑगरकडे असतात ५९. चौथा बाण लागला की बहुतेक वेळा खेळ खलास.

ताईंनी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. चोराचा एक बाण, तोही नेमका बसला, तर सरासरी १८. त्या मुलीने काहीच चूक केली नव्हती. तिने पुस्तकातलं एक साधं, चांगलं पात्र निवडलं होतं, इतकंच.

अशा जोडीपुढे नवा डीएम हमखास आकडे फुगवतो. ऑगरला ५९ ऐवजी १२० हिट पॉइंट द्यायचे. ताईंनीही तसं करून पाहिलं. फायटरला एका टर्नऐवजी दोन टर्न लागले. चोराच्या १८ ची किंमत मात्र निम्मी झाली. जोडीला आळा घालायला गेलेला उपाय जोडीबाहेरच्या दोघींच्याच अंगावर आला.

दुसरा उपाय हत्यारच निकामी करण्याचा. ‘विंड वॉल’ या मंत्राच्या भिंतीआडच्या शत्रूवर सोडलेले साधे बाण वर उडून जातात, एकही लागत नाही. एकदा वापरला तर डाव रंगतो. दर रविवारी प्रत्येक जादूगाराकडे विंड वॉल निघू लागली, तर फायटरवाल्याला कळतं की ही भिंत राक्षसाने उभारलेली नाही, ताईंनी उभारली आहे.

हे दुखणं या खेळाइतकंच जुनं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. पुढच्याच वर्षी गायगॅक्सने ओरिजिन्स या संमेलनातल्या स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं साहस रचलं. आपलं पात्र अजिंक्य आहे अशी बढाई मारणाऱ्यांसाठी ते होतं. त्यात लढाया थोड्या आणि सापळे फार. १९७६ साली ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ हे पुस्तक आलं आणि त्याच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क यांनी वाट्टेल तेवढी ताकद वाटणाऱ्या डीएम मंडळींना टोमणा मारला. देवांचेच आकडे छापले, म्हणजे चाळिसाव्या लेव्हलचे वीर किती हास्यास्पद आहेत ते कळेल, असा विचार. त्या पुस्तकात भारतीय देवांचंही एक प्रकरण होतं. खेळाडूंनी धडा घेतला की देवांना मारायला निघाले, हे वेगळं सांगायला नको.

पुढे २००३ च्या साडेतिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे ‘३.५’ मध्ये, पुस्तकांचा ढीग इतका वाढला की कागदावर ‘पनपन’ नावाचं एक पात्र तयार झालं. हा कोबोल्ड, या जगातल्या सर्वांत दुबळ्या प्राण्यांपैकी एक. पण दोन-चार पुस्तकांतले नियम जोडत गेलं की त्याची ताकद अमर्याद होते. पनपन कुणी खरोखर खेळावा असा त्याचा हेतूच नव्हता. नियमांतली फट दाखवून देण्याची ती हौस होती.

आपल्याकडे या हौसेला पुराणांचा आधार आहे. हिरण्यकशिपूने घरात नको-बाहेर नको, दिवसा नको-रात्री नको, माणूस नको-पशू नको असं मागत मागत जे पात्र बांधलं, ते आजच्या कुठल्याही मिनमॅक्सरला, म्हणजे नियमांतून जास्तीत जास्त ताकद पिळणाऱ्या खेळाडूला, शोभावं. नरसिंहाने त्यातला एकही नियम मोडला नाही. उंबरठा आणि तिन्हीसांज शोधली. इंद्राने कर्णाच्या बाबतीत निराळा मार्ग धरला. ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडलंच मागून नेली. टेबलावर चहाच्या वेळी ही चर्चा निघाली तेव्हा फायटरवाल्याने लगेच कर्णाची बाजू घेतली. ताईंचं मत असं, की इंद्र हा वाईट डीएम. बदल्यात एकदाच वापरता येणारी शक्ती दिली, तेवढीच त्याची जमेची बाजू.

त्यानंतरच्या रविवारी ताईंनी ऑगर आणले नाहीत, गॉब्लिन आणले. बारा. प्रत्येकाचे हिट पॉइंट फक्त ७, चिलखत १५.

हा बदल बघण्यासारखा होता. साडेसोळा इजेचा बाण सात पॉइंटच्या गॉब्लिनला लागला की साडेनऊ वाया. शार्पशूटरचा सौदा न घेता मारावं तर नेम पुन्हा +८ वर येतो, पण सरासरी इजा साडेसहा, म्हणजे गॉब्लिन कधी मरतो, कधी जेमतेम जगतो. प्रत्येक बाणाला मुलाला थांबून ठरवावं लागत होतं. फेअरी फायर वीस फुटांच्या चौकोनी जागेतच पेटतो आणि गॉब्लिन भाताच्या कोठारभर पसरलेले. शिवाय शार्पशूटरला अर्धी किंवा पाऊण आड चालते, पूर्ण भिंतीआड गेलेला शत्रू मात्र त्यालाही दिसत नाही. गॉब्लिन खांबामागून निघायचे, बाण मारायचे, परत आत.

आणि ते बाण बार्डवर. फेअरी फायरला सतत लक्ष लागतं. इजा झाली की दर वेळी फासा टाकून बघायचं, मंत्र टिकला का. या बार्डची एका वेळची शक्यता ६५ टक्के, म्हणजे तीन बाण लागले तर तिन्हींतून मंत्र वाचण्याची साधारण २७. दुसऱ्या फेरीत मंत्र विझला.

“ताई, हे टार्गेट करणं झालं,” बार्डवाला म्हणाला.

“अरे, जो चमकतोय त्याच्याकडे बोट दाखवणारा तूच उभा आहेस. गॉब्लिन आंधळे नाहीत.”

खरी गंमत कोठाराच्या दाराशी होती. गॉब्लिन धान्याला आग लावायला आले होते आणि मशाली आत पोचल्या की गावाचा हिवाळा गेला. सगळे मारले तरी आग लागली तर हार, एकही न मारता मशाली विझल्या तर जीत. चोर छपरावरून आत उतरली. क्लेरिकने दार धरून ठेवलं. फायटरने पाच गॉब्लिन मारले आणि त्याला ते कमी वाटले नाहीत. हा रविवार मात्र छपरावरच्या मुलीचा होता. तिच्या टर्नला बाकीचे तिघे पुढे वाकून फासा बघत होते.

२०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात एक आकडा आहे, त्याकडे घरगुती टेबलं सहसा दुर्लक्ष करतात. पूर्ण विश्रांतीआधी पात्रांना दिवसात मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ चकमकी झेपाव्यात, असं तिथे म्हटलं आहे. रविवारच्या चार तासांत इतक्या बसत नाहीत, मग एकच मोठी लढाई होते आणि जो तो सगळा दारूगोळा तिथेच उडवतो. ताईंनी खेळातला एक दिवस तीन रविवारांवर पसरवला. हा उपाय कंटाळवाणा वाटतो, पण बार्डचे मंत्र जपून वापरले जाऊ लागले ते यानेच.

तरीही निम्मं काम फाशांच्या बाहेर झालं. ताईंनी फायटरवाल्याला आणि बार्डवाल्याला चौघांसमोर न टोकता वेगळं बसवून हिशेबाचं पान दाखवलं. पात्र बदलायला सांगितलं नाही. त्या मुलाने दोन आठवडे पुस्तक वाचून ती जोडी जमवली होती. त्या मेहनतीला शिक्षा केली तर पुढच्या वेळी तो वाचणारच नाही, हे शिक्षिकेला सांगावं लागत नाही. तिने एवढंच विचारलं, की फेअरी फायरचा फायदा चोरालाही मिळतो, मग तिच्या टर्नच्या आधी तो का पडत नाही? यावर दोघांकडे उत्तर नव्हतं. त्यांना ते सुचलंच नव्हतं. आता फायटर मुद्दाम मागे थांबतो आणि पेटलेल्या शत्रूवर पहिला बाण चोराचा असतो.

गुपचूप आकडे बदलणारे डीएम पुष्कळ आहेत. पडद्याआड राक्षसाचे हिट पॉइंट वाढवायचे, लागलेला बाण चुकला म्हणायचं. सगळ्या उपायांत हा सर्वांत वाईट. पकडला गेला, की त्याआधीच्या प्रत्येक विजयावरचाही विश्वास उडतो.

प्रकाशकांनी या तक्रारी ऐकल्या आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात शार्पशूटरमधला वजा पाच-अधिक दहाचा सौदा काढून टाकला आहे. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक पुस्तकात हेही स्पष्ट लिहिलं आहे, की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. माणसांची रांग लावून हातोहात दिलेला भाला प्रकाशाच्या वेगाने सुटत नाही. इतकं लिहावं लागलं, यावरून टेबलांवर काय काय घडत असेल याची कल्पना यावी.

विचुंब्याच्या टेबलावर नवं पुस्तक आणायचं की नाही, यावर मतदान झालं. चालू मोहीम जुन्याच नियमांनी संपवायची, असं चार विरुद्ध एक मतांनी ठरलं. विरोधातलं एक मत ताईंचं. जुन्या नियमांच्या बाजूने पहिला हात चोरवाल्या मुलीने वर केला होता.