चित्रपट पाहण्याचे शिक्षण

"गुरुजी, चित्रपट पाहणे हेही शिक्षण आहे काय?" असा प्रश्न या वर्षी नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला. प्रश्नामागील कारणही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. परीक्षा तोंडावर आली असताना तो भ्रमणध्वनीवर चित्रपट पाहत बसला होता आणि त्याबद्दल वडिलांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली होती. वडिलांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. तथापि मुलाचा प्रश्नही टाकाऊ नव्हता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. वर्गात जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, चित्रपट शिकविणारी शाळा ही कवि-कल्पना नव्हे. पुण्यास लॉ कॉलेज रस्त्यावर अशी संस्था आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट तिचाच. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. पुढे कंपनी बंद पडली. परंतु तिची वास्तू वाया गेली नाही. १९६० साली भारत सरकारने त्याच जागी चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. आज ती 'फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' या नावाने ओळखली जाते आणि २०२५ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला आहे. ज्या छपराखाली प्रभातचे कारागीर राबत होते, त्याच छपराखाली आज विद्यार्थी धडे गिरवितात.

तेथील शिक्षणाची रीत मोठी बोधप्रद आहे. कोणी दिग्दर्शन शिकतो, कोणी छायाचित्रण, कोणी संकलन, तर कोणी ध्वनिमुद्रण. परंतु शेवटची परीक्षा एकट्याने देता येत नाही. निरनिराळ्या विभागांतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक छोटा चित्रपट पुरा करावा लागतो. छायाचित्रकाराने उत्तम दृश्य टिपले, पण संकलकाने ते नको तेथे जोडले, तर सगळ्यांचेच श्रम फुकट जातात. पावसाची दोन दृश्ये आणि त्यांच्यामध्ये एका वृद्ध शेतकऱ्याचा चेहरा, एवढेच जोडले तरी प्रेक्षक काही समजतो. आधी कोरडे, भेगाळलेले शेत दाखविले असेल तर तो चेहरा समाधानाचा वाटतो. आधी खळ्यावरची उघडी रास दाखविली असेल तर तोच चेहरा काळजीचा वाटतो. चेहरा बदलला नाही, शेजार बदलला. संकलन म्हणतात ते हेच होय.

या संस्थेत बंगालचे थोर दिग्दर्शक ऋत्विक घटक हे काही काळ उपप्राचार्य होते. प्राध्यापक सतीश बहादूर हे चित्रपटाचा आस्वाद कसा घ्यावा हा विषय शिकवीत. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' ते दृश्यामागून दृश्य उलगडून दाखवीत. त्यांच्या जोडीस पी. के. नायर होते. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ते नावारूपास आणण्याचे श्रेय नायरांकडे जाते. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेहून अधिक चित्रपट निघाले, पण त्यांतील बोटांवर मोजण्याइतकेच आज शिल्लक आहेत. उरलेल्यांच्या फिती जळाल्या, कुजल्या किंवा त्यांतील चांदीसाठी विकल्या गेल्या. जे वाचले ते मिळवून जतन करण्यात नायरांनी आपले आयुष्य वेचले.

येथे वाचक म्हणतील, "पुण्यात हे सारे ठीक आहे. आम्हां खेडुतांना त्याचे काय?" या शंकेचे उत्तर आपल्याच कर्नाटक राज्यातील एका खेड्याने देऊन ठेवले आहे. त्या खेड्याचे नाव हेग्गोडू. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांमध्ये ते वसले आहे. १९४९ साली तेथील मंडळींनी नीनासम् ही नाट्यसंस्था उभारली. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे प्राण होत. पदवी घेऊन ते शहरात रमले नाहीत. आपल्या गावीच परतले. बाग सांभाळीत त्यांनी नाटके बसविली, 'अक्षर प्रकाशन' चालविले आणि १९७३ मध्ये गावात चित्रपट मंडळ सुरू केले. पुढे १९७९ साली खेड्यातील प्रेक्षकांसाठी चित्रपट-आस्वादाचे शिबिर भरले. त्या कामी पुण्याहून सतीश बहादूर आणि पी. के. नायर हे हेग्गोडूला आले. विद्यापीठांत शिकविण्याजोगा विषय घेऊन प्राध्यापक सुपारीच्या बागेत आले, ही गोष्ट लहान नव्हे.

हेग्गोडूच्या पडद्यावर काय दाखविले गेले? इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज', जपानचा 'राशोमोन', बंगालचा 'पथेर पांचाली'. पाहणारे होते शेतकरी, शेतमजूर, गृहिणी आणि शाळकरी मुले. त्यांना ना इटालियन येत होते, ना जपानी. परंतु 'बायसिकल थीव्ह्ज'ची कथा पाहा. एका गरीब माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. त्या कामासाठी सायकल आवश्यक असते. म्हणून घरातील चादरी गहाण ठेवून तो सायकल सोडवून आणतो आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. लहान मुलाला बरोबर घेऊन तो शहरभर ती शोधतो. अखेरीस हताश होऊन तो स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरावयास जातो आणि मुलाच्या देखत पकडला जातो. मालक दया येऊन त्याला सोडून देतो. बाप रडू लागतो, तेव्हा मुलगा मुकाट्याने त्याचा हात धरतो. यात समजावयास भाषा कशाला हवी? ज्याच्या घरी कधी बैल किंवा दागिना गहाण पडला आहे, त्याला ते मुकेपणानेच कळते.

सुब्बण्णांना या कार्याबद्दल १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणखी एक धागा येथे जुळतो. गिरीश कासरवळ्ळी हे त्यांचे भाचे. त्यांनी पुण्याच्या त्याच संस्थेत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले आणि १९७७ साली 'घटश्राद्ध' हा कन्नड चित्रपट काढला. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरील या चित्रपटात एका कोवळ्या विधवेची दुर्दशा एका लहान मुलाच्या नजरेतून दिसते. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. २०२४ साली त्याची डागडुजी केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखविण्यात आली. ज्या महोत्सवात १९३७ मध्ये आपल्या तुकोबांचे दर्शन घडले, तेथेच हा चित्रपट पोहोचला! त्याच वर्षी पुण्याच्या संस्थेतील चिदानंद नाईक या मैसूरच्या तरुणाने केलेल्या लघुपटास कान येथील विद्यार्थी-चित्रपटांच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक लाभले. त्याचा विषय कोणता? एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही, ही कन्नड लोककथा. आजीच्या तोंडची गोष्ट फ्रान्सपर्यंत गेली ती अशी.

आता थोडे आमच्याविषयी. आमची मातृभाषा कोंकणी आणि माहेरघर गोव्यात. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव प्रथम १९५२ साली मुंबईत भरला होता. 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमोन' हे त्याच वेळी आपल्याकडे गाजले. २००४ पासून तो पणजीस भरतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत घरी गेलो असता आम्हीही नाव नोंदवून तेथे गेलो. पहिलाच चित्रपट असा निघाला की, त्यात गाणे नाही, मारामारी नाही आणि संवादही मोजकेच. खरे सांगावयाचे तर आम्हांस मध्ये डुलकी लागली! बाहेर पुढच्या खेळाच्या रांगेत ध्वनिमुद्रण शिकणारा एक विद्यार्थी उभा होता. आम्ही आपला कंटाळा त्याच्याजवळ बोलून दाखविला. तो हसला नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, त्या घरातल्या पंख्याचा आवाज कुठे थांबला, ते ऐकलंत का?" आम्ही ऐकले नव्हते. घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात पंखा बंद होता. वीज तोडली गेली होती आणि हे कोणीही शब्दाने सांगितले नव्हते. इतकी वर्षे मुलांना कविता शिकवून 'न सांगितलेले वाचा' असे आम्ही बजावीत आलो होतो आणि स्वतः मात्र बहिरे राहिलो होतो. वयाने आमच्याहून लहान असलेल्या त्या मुलाने त्या दिवशी आम्हांस शिकविले. महोत्सवाचा खरा लाभ हाच होय. तेथे शिकणारे, शिकून गेलेले आणि शिकविणारे एकाच रांगेत उभे असतात आणि ज्यास विचारावयाचे आहे त्यास कोणीही विचारू शकतो.

कोहिनूरला परतल्यावर आम्ही शाळेत एक छोटा प्रयोग केला. भिंतीवर पांढरी चादर लावून चार्ली चॅप्लिनच्या १९२५ च्या 'गोल्ड रश' चित्रपटातील एक प्रसंग दाखविला. बर्फात अडकलेला भुकेला चार्ली आपला बूट शिजवितो, मोठ्या अदबीने ताटात वाढतो, नाड्या शेवयांप्रमाणे गुंडाळून खातो आणि खिळे हाडांसारखे चोखतो. वर्ग पोट धरून हसला. मग आम्ही तीन प्रश्न विचारले: काय दिसले? काय ऐकू आले? काय सांगितले नाही? तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ कोणी उत्तर देईना. अखेर मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. तिच्या आजीचे माहेर धाराशिवकडचे. ती म्हणाली, "माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगताना अशीच हसते. लाल मिलोची भाकरी कशी घशाखाली उतरत नव्हती, ते नक्कल करून दाखवते. आम्ही सगळे हसतो. पण ती भुकेली होती, हे मला आज कळलं."

वर्ग गप्प झाला. आम्हीही काही बोललो नाही.

ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, त्यास आमचे उत्तर असे आहे. नुसते पाहणे हे शिक्षण नव्हे. त्या बाबतीत तुझ्या वडिलांचे म्हणणे खरे. हातातील छोट्या पडद्यावर एकट्याने, एकामागून एक, अर्धवट पाहिलेली शंभर दृश्ये मनात काहीच ठेवीत नाहीत. परंतु चौघांनी मिळून एक चित्रपट शेवटपर्यंत पाहिला आणि त्यावर तासभर बोलले, तर तो धड्याइतकाच शिकवितो. आपण सीमेवरची माणसे. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू ऐकत आपण वाढतो. न समजणाऱ्या भाषेतील माणसाचा चेहरा वाचणे आपणांस नवे नाही. हेग्गोडूच्या शेतकऱ्यांस जे साधले, ते कोहिनूरच्या मुलांस का साधू नये?

पालकांस आमची एकच विनंती आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी मुलांबरोबर बसून एक चांगला चित्रपट पाहावा आणि तो संपल्यावर दिवा लावून विचारावे, "काय सांगितले नाही?" उत्तर कदाचित चित्रपटाविषयी येईल, कदाचित आपल्याच घराविषयी येईल. दोन्ही ऐकण्याजोगी असतील.