पित्ताशय काढले; कामावर कधी जायचे?

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर घरी जाताना रुग्ण बहुधा दोनच गोष्टी विचारतात. काय खाऊ, आणि कामावर कधी जाऊ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पित्त तयार होते यकृतात. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. ती काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरते. काहींना सुरुवातीचे काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होते. तेवढ्यापुरते तळण कमी करावे. जन्मभर तेलतूप सोडायची गरज नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘काम कोणते?’ हे विचारल्याखेरीज देता येत नाही, आणि गर्दीच्या वॉर्डात नेमके तेच विचारायचे राहून जाते.

पूर्वी हे ऑपरेशन उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन होई आणि रुग्ण दीड-दोन महिने घरी बसे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही पद्धत आणली. आता पोटावर साधारण चार बारीक छेद असतात आणि बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. खड्यांची बाटली पाहुण्यांना दाखवून होते, टाक्यांची जागा आठ-दहा दिवसांत सुकते. मग वाटते, झाले सगळे.

सुकलेली असते ती वरची कातडी. स्नायूंवरचे जे मजबूत आवरण पोट आवळून धरते, ते भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याची बरीचशी ताकद परत यायला तीन महिने जातात. सर्वांत मोठा छेद बहुतेक वेळा बेंबीपाशी असतो. तिथे घाईने जोर पडला तर आवरण उसवून हर्निया होऊ शकतो, आणि मग दुसरे ऑपरेशन.

म्हणून खुर्चीवर बसून काम करणारा कारकून किंवा शिक्षक एक ते दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. दुचाकी किंवा मोटार चालवणाऱ्याने एकदम ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही ना हे पाहावे, आणि गुंगी आणणारे वेदनाशामक चालू असेल तर वाहन हाती घेऊ नये. हमाल, गवंड्याच्या हाताखालची बाई, शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेणारा मजूर यांना दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे जड काम नको. मोठा छेद घ्यावा लागला असेल तर सहा ते आठ. रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडत नाही, हे खरेच आहे. अशा वेळी नुसती ‘विश्रांती’ न लिहिता ‘वजन उचलणे वर्ज्य, हलके काम चालेल’ असा स्पष्ट दाखला मागून घ्यावा. मुकादम किंवा मालक ऐकण्याची शक्यता त्याने थोडी वाढते.

सर्वांत दुर्लक्षित रुग्ण म्हणजे केसपेपरवर ‘गृहिणी’ अशी नोंद असलेली बाई. ती घरीच असते म्हणून तिला विश्रांतीबद्दल कोणी फारसे सांगत नाही. पण पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. शिवाय दळणाचा डबा, भिजलेली गोधडी, कडेवरचे दोन वर्षांचे मूल. पहिले दोन आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नये, हे तिच्याबरोबरच तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही बोलावून सांगायला हवे. पोळ्या लाटणे, भाजी चिरणे झेपेल तसे चालते. मूल मांडीवर घ्यावे, वाकून उचलू नये.

याउलट काही घरांत रुग्णाला अंथरुणातून हलूच देत नाहीत. तेही चूक. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी आधार घेऊन चालावे, नंतर रोज थोडे वाढवावे. जिना चढायला हरकत नाही. उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या जोरावर बसावे. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखला तर अनेकजण घाबरतात. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चुरचुरते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. चालण्याने बरे वाटते. सूर्यनमस्कार, कपालभाती, जिममधले वजन मात्र साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही तपासणी करून घेऊन.

दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. ते उलट वाढू लागले, ताप किंवा थंडी वाजली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या किंवा टाक्यांतून पू आला, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.