सिगारेटच्या पैशावरचं रॉक

फरीदाबादहून बोलतोय, मागे ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

१९६०च्या दशकात अमेरिकेतली पोरं घरच्या मोटार-गॅरेजात गिटार बडवायची. त्यावरून नाव पडलं ‘गॅरेज रॉक’. आपल्याकडे घराला गॅरेज कुठलं? पण बँड मात्र होते. मुंबईत आर्किटेक्चर शिकताना रेमो फर्नांडिस ‘सॅव्हेजेस’मध्ये होता.

बाकीच्यांना विचारणार कोण? विचारलं सिगारेट कंपनीनं. आपल्या ‘सिमला’ ब्रँडच्या जाहिरातीसाठी इंपिरियल टोबॅको मुंबईत ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवायची. शिलाँगचे ‘फेन्टोन्स’सुद्धा त्यात उतरले. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या दोन एलपी निघाल्या. मी त्या इथे, हेडफोन लावून ऐकल्या. रेकॉर्डिंग कच्चं, बरीच गाणी परक्यांची. पण ड्रमवाला असा सुटलाय की बस!

यातल्या कित्येक बँडचा मागे उरलेला आवाज एवढाच, एकदोन गाण्यांचा. मला तंबाखूचा तिटकारा आहे. तरी खरं सांगतो, त्या जाहिरातीच्या पैशाशिवाय तेवढाही उरला नसता. पुढे परदेशी संग्राहकांनी या तबकड्या शोधून काढल्या, तिकडे त्या पुन्हा छापल्याही गेल्या.