चुन्याची भिंत, सिमेंटचा गिलावा
दुसऱ्या बाजीरावाने सदाशिव पेठेत बांधविलेल्या, १८२१ साली संस्कृत पाठशाळेस आश्रय दिलेल्या आणि १८७९ च्या आगीत अंशतः दग्ध झालेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव सुरूदार सागवानी खांब पाहताना जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी असा ग्रह व्हावा, आणि मक्तेदारांस तो सोयीचाही असतो. वस्तुतः ते काम निदानाचे आहे. जुन्या विटांतील ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापले की ती आतच कोंडते, क्षार फुलतात आणि विटेचा भुगा होऊन झडू लागतो. यास्तव मूळ गिलाव्याचा खपला प्रयोगशाळेत तपासून चुना-वाळूचे प्रमाण ठरवावे, तुळईतील पोकळी ध्वनिलहरींनी हुडकावी आणि कुजला असेल तेवढाच भाग बदलावा. वाडेमालकांनी सिमेंटचे पोते मागविण्यापूर्वी एवढी तजवीज अवश्य करावी.